टंचाईतला आग्रह

परवा दुकानदाराने नुसती मान हलवली. मी अजून काही मागितलंही नव्हतं. ओलं जॅकेट झटकून काउंटरपाशी पोचले तेवढ्यात, मागच्या फळीकडे न बघताच, त्याने नकार देऊन टाकला. "पुढच्या महिन्यात, कदाचित," तो म्हणाला. फळी रिकामी होती, पण तिच्यावर धूळ नव्हती. म्हणजे कालपरवापर्यंत तिथे काहीतरी होतं आणि ते कुणाला तरी मिळालं होतं. कुणाला, हा प्रश्न मनात आला आणि मागोमाग मला हसूही आलं. टंचाईचा मोसम पुन्हा आला होता, आणि माझं मन जुन्या सवयीने कामाला लागलं होतं.

इथे इंग्लंडात लोक वसंत ऋतू डॅफोडिलवरून ओळखतात. मला मात्र एक वसंत रिकाम्या फळ्यांवरून आठवतो. दोन हजार नऊ सालचा. त्या वसंतात बंदुकीच्या तेलाचा वास होता, गाड्यांच्या काचांवर साचलेली वाफ होती, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक अर्धं वाक्य गिळलेलं असायचं.

ज्यांनी कधी रायफल हातात धरली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. गोळी झाडली की पितळेची नळी मागे उरते. ती आम्ही फेकत नाही. ती साफ करायची, बुडाशी नवा प्रायमर बसवायचा, आत मोजून दारू भरायची, वर नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. लांब पल्ल्यावर नेम धरणारे बरेच जण आपलं काडतूस आपणच भरतात, कारण विकतच्या पोळीला घरच्या पोळीची चव नसते. यातला प्रायमर म्हणजे मसुराच्या डाळीएवढी इवलीशी वाटी. रायफलची पिन तिच्यावर आपटली की ती ठिणगी देते. माझा नवरा शिरीष त्यांना टिकल्या म्हणतो, लहानपणी दिवाळीत आपण दगडाने फोडायचो त्या. पितळ पुन्हा वापरता येतं, प्रायमर येत नाही, आणि तो घरी बनवायची गोष्ट नव्हे. तो संपला की बाकीचं सगळं सामान कपाटात शोभेला ठेवायचं.

त्या वर्षी तो संपला. अमेरिकेत निवडणूक झाली होती, आता नवे कायदे येणार अशी तिथल्या लोकांनी धास्ती घेतली आणि दुकानंच्या दुकानं रिकामी केली. तिकडचे कारखाने रात्रंदिवस चालून तिकडचीच भूक भागेना, तर समुद्र ओलांडून इकडे काय येणार? इथे तर प्रायमर पोस्टाने मागवायचीही सोय राहिली नव्हती. स्वतः दुकानात जायचं, परवाना दाखवायचा, समोरासमोर घ्यायचे. त्यामुळे शनिवारी सकाळी बर्कशायर, सरे, हॅम्पशायरमधली आमच्यासारखी माणसं या गावातून त्या गावात गाड्या पळवत होती, आणि दुकानात एकमेकांना भेटली की 'सहज आलो होतो' म्हणत होती.

सहज कुणीही आलेलं नव्हतं.

मी मूळची नागपूरची. कॉलेजात एनसीसीत होते. सीताबर्डीहून सायकल मारत पहाटे मैदानावर जायचं, ताडपत्रीवर पालथं पडायचं आणि जुन्यापुराण्या रायफलीने समोरच्या कागदाला भोकं पाडायची, एवढंच ते होतं. पण श्वास अर्धा सोडून थांबल्यावर जगात जी शांतता होते, ती मला तिथे पहिल्यांदा कळली. लग्न झालं, शिरीषच्या नोकरीमागे पुणं झालं, मग माझ्या नोकरीमागे ब्रॅकनेल. ऑफिसात दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, असं शिरीष म्हणतो. एके दिवशी एका सहकाऱ्याने रायफल क्लबचं नाव काढलं आणि ती शांतता पुन्हा आठवली.

परवाना सहज मिळाला नाही. पोलिसांकडून एक गृहस्थ घर बघायला आले. जिन्याखालच्या कपाटात भिंतीला ठोकलेली लोखंडी तिजोरी त्यांनी हलवून पाहिली. तिच्या शेजारी तांदळाची पोती होती, तीही त्यांनी बघितली. "पार्टी आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, हे वर्षाचं आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात रायफलीपेक्षा तांदळाचीच काळजी जास्त होती. त्याच्या आदल्या वर्षी भारतातून तांदूळ यायचा बंद झाला होता आणि एजवेअरच्या दुकानात आमच्या पद्धतीचा तांदूळ माणशी एकच पिशवी देत होते. तेव्हापासून मी दिसेल तिथे तांदूळ उचलते. टंचाईत माणूस शहाणा होतो की येडा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

लंडनच्या हॅरोतल्या मराठी मंडळींना तर माझ्या छंदाचं कोडंच होतं. शिरीषच्या शैलामावशी तिथे राहतात, त्यांच्याकडे सणासुदीला सगळे जमतात. तिथे बायका माझ्याशी बोलताना एक डोळा माझ्या पर्सवर ठेवायच्या. "घरी ठेवतेस? आणि शिरीषशी भांडण झालं तर?" असं एकीने विचारलं होतं. शिरीष म्हणाला, "म्हणून तर मी भांडतच नाही." सगळे हसले. तिने मात्र खुर्ची थोडी सरकवून घेतली.

क्लबात मला केन भेटले. केन निवृत्त दंतवैद्य होते, वोकिंगहॅमजवळ एका बैठ्या घरात एकटे राहायचे. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच यू असतं, पण मनातल्या मनात मी त्यांना नेहमी अहोजाहोच केलं. त्यांच्या परसात एक लाकडी शेड होती. तिथे ते काडतुसं भरायचे आणि त्यांनीच मला ती भरायला शिकवली. शनिवारी दुपारी रेडिओवर क्रिकेट लावायचं, मध्ये एक अक्षर बोलायचं नाही आणि हाताखालच्या कामावरून नजर उचलायची नाही. दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालून चाळीसेक वर्षं काढलेल्या माणसाला गप्प बसलेली माणसं आवडत असणार. पहिल्याच दिवशी मी प्रायमरचं पाकीट फोडून ते एका स्टीलच्या डब्यात ओतायला निघाले, आपल्या हातांना ती सवयच असते. केनचा चेहरा पांढराफटक पडला. प्रायमर कधीही, कधीही मूळ वेष्टनातून काढून एकत्र ठेवायचे नाहीत, एक उडाला की सगळे उडतात, डब्यात तर नाहीच नाही, असं त्यांनी मला इतक्या हळू आवाजात सांगितलं की ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता केन नाहीत. शेडच्या जागी नव्या मालकांनी मुलांसाठी झोपाळा बांधलाय.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागला होता, आणि नेम धरायचा डोळाही तोच. शरदात ऑपरेशन ठरलं होतं, पण त्यानंतर नजर कशी राहील याची खात्री त्यांना वाटत नव्हती. दुसऱ्यांच्या दातांबद्दल खात्री देऊन देऊन मला खात्रीचा अर्थ कळलाय, असं ते म्हणायचे. जुलैत जोडीची एक स्पर्धा असते. हजार यार्डांवर एकाने गोळी झाडायची, दुसऱ्याने दुर्बिणीतून वारा वाचून त्याला सांगायचं, मग अदलाबदल. केन ती पूर्वी आपल्या पत्नीबरोबर खेळायचे. ती गेल्यावर कुणाबरोबरच नाही. त्या जानेवारीत त्यांनी न विचारता आमची दोघांची नावं देऊन टाकली आणि मला म्हणाले, "हा माझा शेवटचा उन्हाळा समज." मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन शिरीषला दोनदा सांगितलं. परक्या देशात कुणीतरी मला स्वतःच्या बायकोच्या जागी उभं केलं होतं, वारा वाचायला.

पण जोडी म्हटली की सराव आला, आणि सरावाला काडतुसं लागतात. फेब्रुवारी संपता संपता माझा प्रायमरचा साठा संपला. आधी भरून ठेवलेली मूठभर काडतुसं तेवढी उरली.

क्लबातलं वातावरण तोवर बदललं होतं. पूर्वी चहाच्या वेळी लोक हवेवर बोलायचे, आता पुरवठ्यावर बोलू लागले. कुणी म्हणायचं, सगळं लष्कराने उचललं. कुणी म्हणायचं, सरकारला हा छंदच मोडायचाय, कायदा करायला नको म्हणून गुपचूप गळा आवळतायत. युरोपातून रसायनांचे नवे नियम येणार आणि प्रायमर कायमचे बंद होणार, अशीही एक वदंता होती. पाचेक वर्षांनी आपण काय वापरू, हा प्रश्न कुणीतरी टाकायचं आणि सगळे आपापल्या कपात बघायचे. खरं तर प्रत्येकाला पाच वर्षांची नव्हे, शेजारच्या माणसाच्या कपाटाची काळजी होती. 'माझ्याकडे काहीच नाही' हे वाक्य मी त्या वसंतात जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा त्यावर माझा विश्वास कमी होत गेला. काहीच नाही म्हणणारा माणूस दर रविवारी झाडत कसा होता? मी पालथी पडून दुसऱ्यांच्या गोळ्यांचे आवाज ऐकायला लागले होते. नेम धरताना हे करू नये. माझे नेम त्या महिन्यांत वाईट लागले.

मार्चच्या सुरुवातीला एका शनिवारी मी केनच्या शेडमध्ये गेले तर टेबलावर प्रायमरचा एक मोठा नवा खोका होता, न फोडलेला. एका जुन्या ओळखीच्या दुकानदाराने त्यांच्यासाठी मागे काढून ठेवला होता. केन माझ्याकडे न बघता, चष्मा पुसत म्हणाले, "यातले अर्धे तू घे, हवे असतील तर."

मला किती हवे होते ते मलाच माहीत. पण तोंडातून शब्द आले ते असे, "नको, नको, तुम्हाला लागतील. माझं चाललंय."

आणि मी वाट बघत उभी राहिले.

ही वाट कशाची, ते कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागणार नाही. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा, हे आपल्याला जेवायला शिकायच्या आधी शिकवतात. पानावर वाढायला आलं की हात आडवा धरायचा. वाढणाऱ्याने तो बाजूला सारायचा. मग 'अगदी थोडं' म्हणायचं. मग ते थोडं कधीच थोडं नसतं. यात कुणी कुणाला फसवत नाही, दोघांनाही पुढचं वाक्य पाठ असतं.

केन म्हणाले, "बरं तर." आणि खोका उचलून फळीवर ठेवला.

मी घरी येईपर्यंत गाडीत धुमसत होते. शिरीष भाजी चिरत होता. त्याला सगळं सांगितलं.

"कितीदा विचारलं?"

"एकदा."

"फक्त एकदा? मग त्याला द्यायचेच नव्हते गं," शिरीष म्हणाला. "तोंडदेखलं विचारलं. तू समोर उभी होतीस, खोका टेबलवर, काय करणार बिचारा? ऑफर तर करावीच लागते. जस्ट पोलाइटनेस."

मला तेच वाटत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर जास्त लागलं. ज्या माणसाने मला शेवटच्या उन्हाळ्यासाठी निवडलं, त्याने मला खोक्याभोवती घुटमळणारी बाई समजावं? पुढच्या शनिवारी शेडमध्ये गेले तर ज्या फळीवर खोका ठेवला होता तिला पडदा लावलेला होता. जुना, फुलाफुलांचा, बहुधा कुठल्यातरी खिडकीचा. तो ऊन लागू नये म्हणून लावला असेल, पण मार्चमध्ये बर्कशायरला ऊन कुठलं? मी पडद्याकडे बघितलं, केननी मला पडद्याकडे बघताना बघितलं, आणि आम्ही दोघांनी रेडिओ ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर माझ्याबाबतीत काहीतरी बिनसलं. मी क्लबहाउसमध्ये शिरले की बोलणं थांबायचं. एकदा गाडीची डिकी उघडली तेव्हा दोन जण उगाचच तिथून चालत गेले आणि आत वाकून पाहून गेले. आत एजवेअरहून आणलेली तांदळाची पोती होती. मी त्यांना ती उघडून दाखवणार होते, पण मग म्हटलं, कशाला? हातच्या काकणाला आरसा कशाला? पोती होती, ती पोत्यांसारखीच दिसत होती. पण संशय धरणाऱ्याला पोत्यात तांदूळ दिसत नाही, हेही तेव्हाच कळलं.

शेवटी क्लबचा सेक्रेटरी ब्रायन, सरळ माणूस, त्याने मला बाजूला घेतलं. "मीनल, तू रागावू नकोस," तो म्हणाला, "पण लोक म्हणतायत तुझ्याकडे भरपूर साठा आहे."

"कोण म्हणतं?"

तो बुटांकडे बघायला लागला. "केनने तुला अर्धा खोका देऊ केला आणि तू नको म्हणालीस. या वर्षी, प्रायमरला, नको. तू जरा विचार कर, असं कोण म्हणेल? ज्याच्याकडे घर भरून आहेत तोच ना?"



"केनला वाईट वाटलंय," ब्रायन पुढे म्हणाला. "साठा आहे त्याबद्दल नाही. असला तर असू दे. पण एवढी जवळची म्हणून त्याने तुला विचारलं आणि तू त्यालाही थांगपत्ता लागू दिला नाहीस. जुलैसाठी दुसरं कुणी मिळतंय का, असं तो मला विचारत होता."

त्या रविवारी मी एकही गोळी झाडली नाही. गाडीत बसून राहिले. केननी हे ब्रायनला सांगितलं, म्हणजे मी नसताना माझ्याबद्दल बोलणं होतं, याचा राग होता. पण त्याच्या खाली भीती होती. त्या माणसाचा शेवटचा उन्हाळा माझ्या हातून निसटत होता, आणि मी नेमकं काय केलं तेच मला समजत नव्हतं. मी तर सभ्यपणाने वागले होते. फसवलं असेल तर त्यांनी मला, असंच मी स्वतःला सांगत होते.

पाडव्याचं जेवण शैलामावशींकडे होतं, सगळ्यांना सुट्टी म्हणून पाडव्यानंतरच्या रविवारी. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मावशींनी दही रात्रभर टांगून केलेलं श्रीखंड. माझं मन जेवणात नव्हतं. मावशी श्रीखंडाचं पातेलं घेऊन आल्या.

"नको मावशी, पुरे झालं."

"असं कसं? घे."

"अहो खरंच नको."

"तू काही खाल्लंच नाहीस. एवढं एवढं."

मावशींची नात तन्वी समोर बसली होती. ती हॅरोतच जन्मली, तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होती. तिने चमचा खाली ठेवला. "आजी, मीनलकाकूने नो म्हटला ना? टू टाइम्स म्हटला. मग तू का परत विचारतो? इट्स सो रूड, यार."

"रूड काय त्यात?" मावशी म्हणाल्या. "विचारलं नाही तर ती उपाशी उठेल."

"ती उपाशी आहे तर ती यस म्हणेल ना. शी इज नॉट अ बेबी. कोणी नो म्हणाला की फिनिश. परत विचारला तर मीन्स, तू तिला लायर म्हणतो."

टेबलावर सगळे हसले. शिरीषही हसला. मी मावशींच्या पातेल्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटारडं ठरवणं. केननी मला खोटारडी ठरवलं नव्हतं, म्हणून त्यांनी एकदाच विचारलं होतं. मी मात्र त्यांना एकदाच विचारलं म्हणून खोटारडं ठरवलं होतं.  मावशींनी तेवढ्यात माझ्या पानात दोन मोठे डाव श्रीखंड वाढलं.

घरी परतताना शिरीष गाडी चालवत होता. मी त्याला म्हटलं, उद्या मी केनकडे जाते आणि प्रायमर मागते.

"मागतेस? आता? वेड लागलंय का? एकदा नको म्हणालीस ना. किती ऑकवर्ड होईल."

"ताकाला जाऊन भांडं लपवलं," मी म्हटलं, "आणि वर ताकवालीच वाईट असं म्हणत बसले."

त्याने गिअर बदलला. नंतर म्हणाला, "आणि ताकवालीला खरंच द्यायचं नसेल तर?"

 तन्वीचं म्हणणं पटलं होतं, तरी फुलाफुलांचा पडदा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सोमवारी ऑफिसमधून परस्पर गेले. मागणं किती जड असतं हे मला केनच्या फाटकापाशी कळलं. आपल्याकडे न मागता मिळावं अशीच सगळी व्यवस्था केलेली असते, मागायची वेळ यावी हाच कमीपणा. केन गुलाबांची छाटणी करत होते. त्यांनी मला चहा विचारला. मी लगेच हो म्हटलं आणि स्वतःच दचकले.

शेडमध्ये बसल्यावर मी सांगून टाकलं. माझ्याकडे प्रायमर नाहीत, फेब्रुवारीपासून नाहीत. तुम्ही देऊ केले तेव्हा मला हवे होते.

"मग नको का म्हणालीस?"

"तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून."

केननी चष्मा काढला. दातात काहीतरी अनपेक्षित दिसल्यावर ते असेच बघत असतील. "मी विचारलं होतं," ते म्हणाले. "तू उत्तर दिलंस. पुन्हा कशाला विचारायचं?"

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. पान, आडवा हात, बाजूला सारलेला हात. इंग्रजीत सांगताना ते सगळं इतकं विचित्र वाटत होतं की मी मधेच थांबले. ते मात्र लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे एकूण कितीदा विचारायचं?"

"तीनदा. कमीत कमी."

केन उठले. पडदा बाजूला केला, मागे नेमकं काय होतं ते त्यांच्या पाठीमुळे मला दिसलं नाही, आणि तोच खोका, आता फोडलेला, त्यांनी टेबलावर ठेवला. मग वेटरसारखे ताठ उभे राहिले. "यातले अर्धे घेतेस?"

"हो."

"अजून दोनदा विचारायचंय, मधे बोलू नकोस. यातले अर्धे घेतेस? अर्धे घे ना, प्लीज."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. केननी आतली पाकिटं एक तुला, एक मला अशी वाटली. एक पाकीट विषम उरलं, ते त्यांनी माझ्याकडे सरकवलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानंतरचे शनिवार मला फार नीट आठवतात. क्रिकेट, पावसाची भुरभुर, पितळ चकचकीत करणाऱ्या यंत्राची घरघर. आम्ही सरावात कंजूषपणा केला, एक एक गोळी विचार करून झाडली. दुकानातल्या फळ्या रिकाम्याच होत्या. पुढच्या वर्षी मिळणार का, ही चर्चा क्लबात चालूच होती, आणि ज्याच्याकडे काहीच नाही असा प्रत्येक जण झाडतच होता. मी आता आवाज ऐकायचं बंद केलं होतं. म्हणजे, केनच्या बाबतीत तरी.

जुलैतला तो दिवस वाऱ्याचा निघाला. झेंडे एकाच मैदानावर दोन दिशांना फडकत होते. केन झाडत होते तेव्हा मी दुर्बिणीला डोळा लावून वारा वाचला, आणि त्यांनी मी सांगेन तितकं, जसंच्या तसं, एकदाही न विचारता रायफल वळवली. त्यांचा डोळा साथ देत नव्हता. लक्ष्यातला काळा गोल त्यांना धुरकट दिसत होता, तेही त्यांनी नंतर सांगितलं. माझ्या वेळी त्यांनी वारा वाचला. शेवटची गोळी माझी होती, ती बरी लागली. निकालात आम्ही मधेच कुठेतरी होतो. केन म्हणाले, त्यांची पत्नी असती तरी एवढंच झालं असतं. ती वाऱ्यावर कधी विश्वास ठेवत नसे.

चहाच्या तंबूबाहेर आम्ही बाकावर बसलो. रायफली साफ करून झाल्या होत्या.  मग केननी इकडेतिकडे पाहिलं, जवळपास कुणी नव्हतं, आणि माझ्याकडे झुकून हलक्या आवाजात विचारलं, "आता संपलंच आहे सगळं, म्हणून विचारतो. घरी खरोखर किती आहेत तुझ्याकडे?"

ते काय विचारतायत हे मला क्षणभर समजलंच नाही.

"एकही नाही, केन. तुम्ही दिलेत तेवढेच होते. शेवटचा मघाशी झाडला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर धुरकट होती, पण प्रेमळ होती. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "बरोबर," ते म्हणाले. "कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं. मी विचारलं तरी."

शपथ घेऊन सांगावं, घरी नेऊन कपाट उघडून दाखवावं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी आपला कप उचलला. केन समाधानाने चहा पीत होते. ते देणारे आहेत अशी थोडीफार खात्री पटल्यावर मी त्यांच्याकडे मागायला गेले होते. त्यांना माझी खात्री कधीच पटली नव्हती. माझ्या जिन्याखाली प्रायमरची रास आहे आणि मी वर आणखी मागायला आले आहे, असं समजून त्यांनी त्या सोमवारी खोका बाहेर काढला होता, आणि विषम उरलेलं पाकीटही माझ्याकडेच सरकवलं होतं.